कोविडनंतर गेलेला वास : चार बाटल्यांचा सराव

कोविड बरा होऊन महिने उलटले, तरी आमटीच्या फोडणीचा वास येत नाही, अशांसाठी हा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये वासाचे अभ्यासक थॉमस हुम्मेल यांच्या गटाने तो कोविडच्या आधीच, २००९ मध्ये मांडला: ठरावीक चार वास रोज हुंगायचे. हमी नाही, पण खर्च थोडा आणि धोका नगण्य.

चार वास: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रुंद तोंडाच्या चार छोट्या, शक्यतो तपकिरी काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि त्यावर एकेका तेलाचे दहा-पंधरा थेंब. लवंगतेल नसेल तर ठेचलेल्या लवंगा, लिंबाच्या तेलाऐवजी ताजी साल चालते. साल दोन दिवसांनी बदला. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर विषारी ठरतं, मुलांपासून लांब ठेवा.

सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा: बाटली नाकाखाली बोटभर अंतरावर धरा, वीस सेकंद हळूहळू हुंगा. जोरात ओढू नका. हुंगताना तो वास आठवा. लवंग असेल तर मसालेभाताचं झाकण उघडल्यावरची वाफ. दहा सेकंद थांबून पुढची बाटली. किमान बारा आठवडे. मग चारही वास बदलून पुढे चालू ठेवा. बरेच जण काहीच घडत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात सोडतात, तिथेच घात होतो. मज्जापेशी नव्याने तयार व्हायला महिने लागतात.

निलगिरी फसवते. नाकात गार लागलं की वास आला असं वाटतं. तो गारवा चेहऱ्याच्या वेगळ्याच मज्जातंतूचा. कापूर आणि बामचंही तसंच. म्हणून प्रगती गुलाबावरून जोखा, वहीत तारीख टाकून शून्य ते पाच गुण लिहा.

मध्येच कॉफी, परतलेला कांदा, लसूण, अंडी यांना जळकट किंवा कुजका वास येऊ लागतो. रुग्णांना याचाच जास्त त्रास होतो. घास तोंडाजवळ नेववत नाही, वजन उतरतं. पण अनेकदा हे नसा जुळू लागल्याचं लक्षण असतं, सराव थांबवू नका. गरम अन्नाची वाफ वास वाढवते, म्हणून निवलेलं खा: बिनफोडणीचा दहीभात, काकडी, फळं. एकाच नाकपुडीचा वास गेला किंवा नाकातून रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

वास परत येईपर्यंत गॅसगळती कळणार नाही. रोज रात्री रेग्युलेटर बंद करा, अधूनमधून नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, आणि दूध नासलंय का हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा.