टर्बो बदलल्यावर सिग्नलला निळा धूर: माझा अनुभव

गाडी मित्सुबिशी लान्सर इव्हो टेन, ४बी११ इंजिन. रिबिल्डनंतर बॉल-बेअरिंगचा मोठा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) बसवला. पळताना गाडी स्वच्छ, पण नाशिकच्या द्वारका सर्कलला मिनिटभर आयडलवर थांबली की मागून निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं. व्हॉल्व्ह सील बदलले, पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातले वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला, फरक शून्य. डोकं पिकलं.

दोष ऑइल परतीच्या पाइपात निघाला. टर्बोतून ऑइल दाबाने नव्हे, निव्वळ उताराने सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) पडतं, तेही फेसाळलेलं. वाट अडली की तुंबतं आणि शाफ्टच्या सीलमधून निसटतं. इथे फ्लँजवर (पाइप जोडायच्या पट्टीवर) लावलेल्या सिलिकॉनचा गोळा आत येऊन निम्मं भोक बंद होतं.

आधी सिलिकॉन खरवडलं. आता नुसतं धातूचं गॅस्केट. मग सातपूरच्या लेथवाल्याकडून १९ मिमी आतल्या व्यासाचा पाइप, सलग उतरता, कुठेही झोळ नाही. फीडला, म्हणजे टर्बोत ऑइल नेणाऱ्या पाइपाला, प्रवाह कमी करणारा १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर (जर्नल-बेअरिंगच्या, म्हणजे गोळ्यांऐवजी ऑइलच्या थरावर शाफ्ट फिरणाऱ्या टर्बोला हा लावू नका, बेअरिंग जाईल). इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा रेडिएटर) उतरवून आतलं ऑइल धुतलं. शेवटी इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारला.

सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर येतो, तेवढ्यावरून पुन्हा टर्बो उतरवू नका.