पावसाळ्यात कुत्री व्याली तर: पिल्लांचे पहिले पंधरा दिवस

आषाढातल्या एका पहाटे आमच्या मांगरामागे कुंईकुंई ऐकू आली. लाकडांच्या राशीखाली वाडीतली कुत्री व्याली होती. सहा पिल्लं. त्यातलं एक पागोळ्यांखाली भिजून गारठगोळा झालं होतं. मी धावत गाईचं दूध कोमट करून आणलं आणि ड्रॉपरने पाजलं. तासाभरात पिल्लू गेलं. तेव्हा कळलं नाही, पण क्रम चुकला होता. आधी ऊब द्यायची, दूध नंतर.

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात थंडीने कापरंही भरत नाही. ते गारठलं की त्याची आतडी काम थांबवतात. मग दूध पोटात तसंच पडून राहतं, नाहीतर श्वासनलिकेत उतरतं. म्हणून गार पिल्लू आधी मऊ पंचाने कोरडं करा आणि आपल्या कपड्याच्या आत छातीशी धरा. चुलीपुढे धरू नका, कढत पाण्यात घालू नका. तास-दोन तास लागले तरी ऊब सावकाशच द्यायची. तोंडात बोट घातल्यावर आत उबदार लागलं आणि ते चोखू लागलं, की आईला लावा.

आता जागा. आपल्याकडे पावसात जमिनीलाच ओल सुटते, तेव्हा पडवीत कोरड्या कोपऱ्यात चार विटांवर फळी टाका. तिच्यावर गोणपाट आणि वर जुनी सुती साडी दुमडून घाला. पिल्लं खाली पडू नयेत म्हणून कडेला वीतभर उंच आडोसा हवा. कपडा ओला झाला की लगेच बदला, म्हणजे मुंग्याही लागत नाहीत. मुंग्यांसाठी पावडर किंवा डांबराच्या गोळ्या तिथे कदापि ठेवू नका. फिनेलही नको. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ २९ ते ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते. जुना पिवळा बल्ब एका कोपऱ्यावर टांगा, म्हणजे गरम झालं तर त्यांना दुसऱ्या बाजूला सरकता येईल. एलईडीचा उपयोग नाही, तो तापत नाही. आणि वीज तर पहिल्याच वाऱ्याला जाते. तेव्हा तांदूळ तव्यावर कोमट करून मोज्यात भरा, गाठ मारा आणि फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. हाताला सोसेल इतकंच गरम. पिल्लं एकमेकांवर चढून केकाटत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. पांगून धापा टाकत असतील तर उकडतं आहे.

गाईच्या चिकाचं मोल आपल्याला सांगायला नको. कुत्रीचा चीकही तसाच. रोगांपासूनचं संरक्षण त्यातून मिळतं आणि पिल्लाच्या आतड्यांना ते पहिल्या दिवसभरातच शोषून घेता येतं. अशक्त पिल्लाला भावंडं बाजूला ढकलतात, त्याला हाताने मागच्या सडांना लावा.

रोज एकाच वेळी वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. पिल्लं ओळखायला गळ्यात दोरा बांधू नका, नखावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. पहिल्या दिवशी वजन थोडं उतरलं तर चालतं. पुढे ते रोज वाढलं पाहिजे आणि आठ-दहा दिवसांत साधारण दुप्पट व्हायला हवं. एक दिवस जरी वाढ थांबली तरी पशुवैद्यकाला फोन करा. पिल्लू तीन-चार दिवस वाट पाहण्याइतकं टिकत नाही.

आई नसेल तर गाईचं दूध पुरत नाही, त्यात स्निग्धांश आणि प्रथिनं फार कमी असतात. पिल्लांसाठीची दूध पावडर आणा. दर दोन-तीन तासांनी पाजा, रात्रीसुद्धा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका, पोटावर ठेवून पाजा. पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूची जागा हलके पुसा. त्याशिवाय त्यांना मोकळं होता येत नाही. एरवी हे काम आई चाटून करते.

माणसाचा वास लागला की कुत्री पिल्लं टाकते, असं म्हणतात. ओळखीच्या कुत्रीचं सहसा तसं होत नाही. पण तिचा कल पाहून, बसूनच उचला, एक हात पोटाखाली देऊन. मुलांची रांग लावू नका. पावसात लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती असते, त्यामुळे हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. कुत्रीच चावली तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुऊन आरोग्य केंद्रात रेबीजची लस घ्या.

आईकडेही बघा. तिला पोटभर खायला आणि सतत पाणी द्या. तिला कापरं भरलं, पाय ताठले, ती सैरभैर झाली तर अंगातलं कॅल्शियम घटलेलं असू शकतं. त्या क्षणी गाडी काढा.

नाळ दोन-तीन दिवसांत सुकून आपोआप गळते. ओढू नका. बेंबी लाल, सुजलेली दिसली तर दाखवा. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, बोटांनी फाकवू नका. चौदाव्या-पंधराव्या दिवशी डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे, जंताचं पहिलं औषध द्या.