पेरणीच्या रविवारचं गाणं कसं बांधायचं

वैजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या कॅथलिक चर्चमध्ये मी पेटी वाजवते, गायकवृंद सांभाळते आणि लागेल तसं नवं गाणं बांधते. माझे वडील मिशनचे मास्तर होते. दिवसा मुलांना धर्मशिक्षण आणि रात्री कुणाच्या तरी ओसरीवर भजन, असा त्यांचा शिरस्ता होता. मी पेटी तिथंच शिकले. हे लिहिते आहे ते आसपासच्या गावांत ज्यांच्या हाती नुकतीच चर्चची पेटी आली आहे, त्यांच्यासाठी.

गाणं बांधायला बसायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपण गायकवृंदासाठी गाणं बांधत नाही, मागच्या चटईवर बसलेल्या म्हातारीसाठी बांधतो. तिच्याजवळ पुस्तक नाही, असलं तरी चष्मा नाही. तिसऱ्या कडव्याला ती आपणहून मागं म्हणायला लागली तर गाणं जमलं. गायकवृंद कितीही सुरेल गायला आणि लोक नुसते ऐकत राहिले, तर मिस्सेत, म्हणजे आपल्या मुख्य उपासनेत, त्याचा उपयोग थोडा.

ही काही माझ्या मनची गोष्ट नाही. ४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा) उपासनाविधीवरचा दस्तऐवज निघाला, त्यात लोकांनी स्वतः गाण्यावर भर आहे. ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन एकसुरी गायनाला, त्यात मानाचं पान आहे, आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेत योग्य जागा द्यावी, असंही आहे. आपल्याकडं ती परंपरा म्हणजे ओवी आणि अभंग. फादर स्टीफन्स तर इंग्लंडहून आलेले जेझुइट, पण १६१६ मध्ये त्यांनी ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. ना. वा. टिळक प्रोटेस्टंट, तरी त्यांची भजनं आमच्या ओसरीवर म्हटली जायची. आपण काही नवीन खूळ काढत नाही, हे गावातल्या जुन्या लोकांना आधी सांगून ठेवावं.

आता कुठं हात घालायचा आणि कुठं नाही ते बघा. गौरवगीत, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, ‘देवाचे कोकरू’ यांचे शब्द ठरलेले आहेत. चाल नवी लावा, शब्दांना हात लावू नका. यमक जुळावं म्हणून गौरवगीताची ओळ कापलेली मी ऐकली आहे. ते चालत नाही. पहिल्या वाचनानंतरचं प्रतिसादस्तोत्रही पुस्तकातलंच म्हणायचं, त्या जागी दुसरं आवडतं गाणं टाकायचं नाही. स्वतःचे शब्द लिहायला मोकळीक मिळते ती प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचं गीत आणि शेवटचं गीत यांत. तीही लिहून झाली की फादरांना दाखवा, मगच शिकवा.

गाणं कोणत्या दिवसासाठी हे आधी ठरवा. ‘कोणत्याही रविवारी चालेल’ असं गाणं कोणत्याच रविवारी चपखल बसत नाही. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात. २०२६ हे ‘अ’ वर्ष. त्यात सामान्य काळातला पंधरावा रविवार १२ जुलैला येतो आणि त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला वाचतात. पहिलं वाचन यशयाचं, आभाळातून पडून माती भिजवल्याशिवाय माघारी न जाणाऱ्या पावसाचं. स्तोत्र पासष्टावं, देव तास (नांगराच्या सऱ्या) भिजवतो, ढेकळं मऊ करतो असं सांगणारं. आणि आपल्याकडं त्या आठवड्यात काय चाललेलं असतं? मृगात पाऊस झाला असेल तर कापूस, तूर उगवून आलेली असते. नसेल झाला तर सोयाबीनचं बियाणं घरात पोत्यात पडलेलं असतं, नाहीतर दुबार पेरणीचं संकट असतं. हे वाचन जणू मराठवाड्यासाठीच नेमलं आहे असं मला दरवेळी वाटतं. म्हणून उदाहरणाला हाच रविवार घेते, अर्पणगीतासाठी.

शब्द मोठ्या अभंगाच्या छंदात लिहा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं; दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. लोकांच्या कानाला हा साचा जन्मापासून ओळखीचा असतो, त्यामुळं निम्मं शिकवणं आधीच झालेलं असतं. मी असं लिहिलं:

कोरड्या रानात । देवा तू आलास ।
भिजविले तास । पावसाने ॥

मूठभर बीज । तुझ्या हाती दिले ।
तूच उगविले । रानोरानी ॥

शब्द रानातलेच ठेवा. तास, ढेकूळ, मूठ, पाभर हे शब्द गाणाऱ्याच्या हातातले आहेत. ‘कृपासिंधू’, ‘करुणाघन’ चुकीचे नाहीत, पण ते इतके ऐकलेले आहेत की तोंड गातं आणि मन भलतीकडं असतं.

मग ठेका. भजनी ठेका आठ मात्रांचा आणि चरण सहा अक्षरांचा, म्हणजे दोन मात्रा उरतात. त्या कुठं खर्च करायच्या यावरच गाण्याचं बसणं अवलंबून आहे. नियम असा की दीर्घ अक्षर ताणा, शेवटचं अक्षर ताणू नका. ‘रानात’मधला शेवटचा ‘त’ बोलताना अर्धाच ऐकू येतो. तो लांबवला की ‘रानाताऽऽ’ होतं आणि शब्द मरतो. ‘ना’ लांबवा, ‘त’ला नुसता स्पर्श करा (ऽ म्हणजे जादा मात्रा; शेवटच्या अक्षरापुढची मोकळी सोडायची):

को र ड्या रा । ना ऽ त ऽ
दे वा तू आ । ला ऽ स ऽ
भि ज वि ले । ता ऽ स ऽ
पा व सा ऽ । ने ऽ ऽ ऽ

चौथ्या चरणात शेवटी तीन मात्रा मोकळ्या राहतात. त्या भरायच्या मोहात पडू नका. तिथं लोक श्वास घेतात.

स्वर लावताना मी देसचा आधार घेतला, पावसाचा म्हणून. देस रात्रीचा राग आणि आपली मिस्सा सकाळी आठची. शास्त्राचे जाणकार नाक मुरडतील, पण लोकगायनात मी वेळेचा हट्ट धरत नाही. लोकांच्या तोंडी द्यायच्या ओळीत कोमल निषाद घेतलाच नाही, कारण एकाच गाण्यात दोन निषाद आले की मागं म्हणणारे घसरतात. पहिल्या चरणाला ‘सा रे म म । प ऽ प ऽ’. दुसऱ्याला ‘म प ध प । म ग रे ऽ’. तिसऱ्याला ‘रे म प म । ग ऽ रे ऽ’. चौथ्याला ‘ग रे नि ऽ । सा ऽ ऽ ऽ’, यातला नि मंद्रातला, शुद्ध. पुरा देस गायचाच असेल तर तो एकट्या गाणाऱ्यानं कडव्याच्या मध्ये आलापात दाखवावा.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या सुरावर सा धरायचा ते, निवडताना घाई करू नका, कारण गाणं पडतं ते बहुतेक इथंच. पुरुष एकटे गातात तेव्हा काळी एक बरी वाटते, बायकांना काळी चार किंवा पाच. मिस्सेत दोघं एकाच वेळी गातात, एका सप्तकाच्या अंतरानं. तेव्हा षड्ज न बघता गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर बघा. वरचं गाणं मंद्र निषादापासून मध्य धैवतापर्यंतच जातं, म्हणून ते पांढरी तीनला किंवा चारला ठेवा. जे गाणं तार षड्जापर्यंत चढतं त्याला पांढरी दोन पुरे. सकाळचा गळा जड असतो हेही ध्यानात घ्या. शनिवारी रात्री सरावात सहज निघालेला वरचा स्वर रविवारी सकाळी निघेलच असं नाही.

प्रतिसादस्तोत्राचं काम वेगळं. पुस्तकातलं भाषांतर गद्य असतं, एक ओळ आखूड आणि दुसरी हातभर लांब. ती ठेक्यात कोंबायला गेलं की शब्द चुरगळतात. तिथं ग्रेगोरियन पद्धत घ्या. एका स्वरावर, समजा पंचमावर, ओळ बोलल्यासारखी सरळ म्हणत जायची आणि शेवटच्या तीन-चार अक्षरांना ‘प म ग रे’ असं उतरायचं. पुढची ओळ तशीच, शेवट षड्जावर. आपले कीर्तनकार ओवी म्हणताना हेच करतात, त्यामुळं लोकांना ते परकं वाटत नाही. तबला-ढोलकी पूर्ण बंद, पेटीवर फक्त सा-प धरलेला. मधला प्रतिसाद मात्र ठेक्यात, सोपा, सगळ्यांच्या तोंडचा.

दुसऱ्या आवाजाची हौस तरुण पोरांना फार असते, आणि असावीच. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चारही आवाजांचा गायकवृंद मला फार आवडतो, पण त्याला गळे लागतात आणि वाचता येणारे लागतात. खेड्यात दोन आवाजांपासून सुरुवात करा. चार दमदार पुरुष षड्ज-पंचम धरून उभे, बाकीचे चाल गातात. हे पक्कं झालं की भूप रागातली एखादी चाल घेऊन दुसऱ्या गटाला एक आवर्तन उशिरा सुरू करायला लावा. भूपात मध्यम-निषाद नसल्यामुळं दोन गट एकमेकांवर आले तरी कानाला टोचत नाही. पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) रात्री असा आलेलूया, देवाच्या स्तुतीचा घोष, घुमतो तेव्हा पोरांच्या तोंडावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

शिकवताना पेटी शेवटी उघडा. आधी शब्द नुसते ठेक्यात बोलून घ्या, टाळ्या वाजवत. मग तोंडी चाल, एकेक चरण, तुम्ही म्हणा आणि त्यांनी झेलायचं. पेटी आधीच सुरू झाली की तिच्या आवाजात कोण चुकतंय ते कळत नाही. पेरणीच्या दिवसांत शनिवारच्या सरावाला कुणी येणार नाही, रागावू नका. रविवारी मिस्सेच्या आधी सगळ्या लोकांबरोबरच घ्या. आणि गायकवृंद एका कोपऱ्यात गोळा करून बसवण्यापेक्षा निम्मे लोकांत पेरा. शेजारची बाई गायला लागली की आपलाही आवाज निघतो.

वाद्यांचे काही नियम पाळायचेच आहेत. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, आलेलूया नाही, त्या काळातल्या रविवारी गौरवगीतही नाही, आणि वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती. मधले तुकडे वाजवायचे नाहीत. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर पुनरुत्थानाच्या जागरणातल्या गौरवगीतापर्यंतही तसंच. आम्ही त्या दिवसांत पेटी मिटूनच ठेवतो. उघड्या गळ्यानं म्हटलेलं दुःखसहनाचं गाणं जास्त खोल जातं. कीबोर्ड घ्यावा का असं पुष्कळ जण विचारतात. पट्टी बदलायला तो सोपा, पण वीज गेली की थांबला. पेटी हवीच. तिला उंदरांपासून जपा, भात्याचं चामडं ते आधी खातात.

सगळ्यात अवघड म्हणजे नाताळ. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि गायकवृंदातले कमावते गळे त्यांच्याबरोबर जातात. गावात उरतात आजी-आजोबा आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. म्हणून नाताळचं गाणं याच दोन गळ्यांसाठी बांधा. लेकरांना वरची उडी आवडते, पण आजीला ती झेपत नाही. तेव्हा ध्रुपद पाच स्वरांत, खालच्या अंगाला, सगळ्यांना. कडवं लेकरांना, थोडं वर. आणि नाताळची गाणी नवरात्राच्या आतच सगळ्यांना शिकवून टाका. डिसेंबर उजाडायची वाट बघितली तर ज्यांना शिकवायचं ते शंभर-दोनशे किलोमीटरवर कोयता चालवत असतात.

जायच्या आधी एखाद्या रविवारी मिस्सेनंतर ती गाणी मोबाइलवर भरून घ्या, फक्त पेटी आणि एक आवाज, सावकाश, आणि प्रत्येक घरातल्या एका तरी फोनवर पाठवा. गाण्याच्या वहीत शब्दांच्या शेजारी स्वर, पट्टी आणि ठेका लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही आजारी पडलात तर दुसरं कुणी पेटीवर बसू शकेल. टोळीत दोन-तीन ख्रिस्ती घरं असली तर त्यांच्यातल्या एकीला आधीच सांगून ठेवा की २४ तारखेच्या रात्री कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) ध्रुपद तिनं धरायचं.