मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडताना या चुका टाळा

१,२३,४५,६७,८९० ही संख्या मी वर्षानुवर्षे मुलांना फळ्यावर लिहून देत आलो आहे, कारण मोठी संख्या हाताळताना होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच उदाहरणात भेटतात. सुरुवात सोपी असते. शेवटी शून्य असल्यामुळे २ आणि ५ निघतात, अंकांची बेरीज ४५ असल्यामुळे ९ निघतो आणि मागे १,३७,१७,४२१ उरतात.

इथे होणारी आणि मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी चूक म्हणजे भाग देऊन देऊन कंटाळा आला की उरलेली संख्या मूळ आहे असे ठरवून टाकणे. एका हुशार विद्यार्थिनीने ७ पासून १,००० पर्यंतच्या सर्व, म्हणजे १६५ मूळ संख्यांनी नेटाने भाग देऊन पाहिला, एकदाही बाकी शून्य आली नाही, तेव्हा तिने खाली दुहेरी रेघ मारून ‘मूळ संख्या’ असे लिहिले. मी तिची वही तपासली, तर एकही भागाकार चुकलेला नव्हता. चुकले होते ते थांबण्याचे ठिकाण. संयुक्त संख्येचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळाच्या आत असतोच, पण तो वर्गमुळाच्या अगदी जवळही असू शकतो, म्हणून तिथवर पोहोचल्याशिवाय निकाल देता येत नाही. या उरलेल्या संख्येचे वर्गमूळ ३,७०३ च्या किंचित पुढे आहे आणि तिचा सर्वांत लहान अवयव आहे ३,६०७, म्हणजे ५०४ वी मूळ संख्या. त्या मुलीचे दोन तृतीयांश काम अजून शिल्लक होते.

म्हणूनच पहिला भाग देण्यापूर्वी वर्गमूळ काढून ते कागदाच्या कोपऱ्यात चौकटीत लिहिण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. त्यानंतर सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांची रीत दोन-तीनदा लावून पाहतो. ३,७०४ च्या वर्गातून आपली उरलेली संख्या वजा केली तर २,१९५ उरतात आणि तो पूर्ण वर्ग नाही. ३,७०५ च्या वर्गातून वजा केली तर ९,६०४ उरतात आणि तो ९८ चा वर्ग आहे. म्हणजे ३,७०५ वजा ९८ आणि ३,७०५ अधिक ९८, अर्थात ३,६०७ आणि ३,८०३, हे अवयव दुसऱ्याच वजाबाकीत हाती येतात. मात्र ही रीत कळली की उतावीळ मुले भागाकार करणेच सोडून देतात, हे मला मुळीच मान्य नाही. दोन अवयव एकमेकांजवळ असतील तरच ती झटपट चालते. एरवी मुकाट्याने भागाकाराकडे वळावे.

अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे, ती २७ ला लावू नये: १,८९९ च्या अंकांची बेरीज २७ येते, पण २७ ने त्या संख्येला निःशेष भाग जात नाही.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा. १,२३,४५,६७,८९० मध्ये ३ चा घातांक २ आहे हे विसरणाऱ्याला ३२ विभाजक मिळतात, प्रत्यक्षात ते ४८ आहेत.

संगणकावरच्या तक्त्यावर (स्प्रेडशीटवर) डोळे झाकून विसंबू नये, कारण तो सहसा पंधराच अंक नेमके जपतो. १,२३,४५,६७,८९० चा वर्ग तिथे चार शून्यांनी संपतो, पण खरा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१०० असा आहे. या संख्येच्या अवयवांत २ आणि ५ एकेकदाच येत असल्यामुळे वर्गाच्या शेवटी दोनच शून्ये येऊ शकतात, हे तक्ता उघडण्यापूर्वीच सांगता येते.