बारा जणांत विवाल्डी बसवताना

रोमच्या 'ई मुझिची' या तंतुवाद्यवृंदाने १९५२ साली पहिला कार्यक्रम केला. त्यांची बारा जणांची वाटणी गोव्यातल्या छोट्या वृंदाला चपखल बसते: पहिली व्हायोलिन तीन, दुसरी तीन, व्हिओला दोन, चेलो दोन, एक डबल बेस, एक हार्पसिकॉर्ड. समोर काठी घेऊन संचालन करायला कोणी उभे नसते. हार्पसिकॉर्ड मिळाले नाही तर डिजिटल कीबोर्डवरचा तोच आवाज निवडा, पण स्पीकर चेलोंच्या मागे जमिनीलगत ठेवा.

इटलीतल्याच पादुआची रीत वेगळी. १९५९ साली क्लाउदिओ शिमोने यांनी 'ई सोलिस्ती व्हेनेती' हा वृंद उभा केला आणि संचालनही स्वतःच केले. विवाल्डी, अल्बिनोनी, तार्तिनी या संगीतकारांचा, आपल्याच मुलखाशी नाते असलेला संगीतसाठा त्यांनी वर्षानुवर्षे धरून ठेवला. काठी नसली तरी हा धडा घ्यावाच: काय वाजवायचे आणि गज (बो) कुठे वर, कुठे खाली, हे एकाच माणसाने ठरवायचे. पहिल्या तालमीआधी सगळ्या प्रतींवर पेन्सिलीने गजाच्या खुणा करून द्या. तालमीत मतदान घेतले तर निम्मा वेळ त्यातच जातो.

सुरुवातीला विवाल्डीचे 'कोंचेर्तो आला रुस्तिका' घ्या (त्याच्या रचनांच्या यादीत आरव्ही १५१, जी मेजर). जेमतेम चार मिनिटांचे, एकल वादक नाही. शेवटच्या भागात तीव्र मध्यम येतो. आपल्याकडच्या कानाला तो लगेच ओळखू येतो, पण बोट चुकून शुद्ध मध्यमावर पडते, तेवढी जागा वेगळी घोटून घ्या. खरी परीक्षा पहिल्या भागात आहे. तिथे सारे एकसारखे तीन-तीनच्या गटात धावतात आणि दहा-बारा मात्रांत घसरगुंडी सुरू होते. दोष बहुतेक वेळा व्हायोलिनचा नसतो, चेलो-बेसचा असतो. भजनात पखवाज डगमगला की टाळकरी सुटतात, तसेच. म्हणून आधी चेलो, बेस आणि हार्पसिकॉर्ड यांनाच निम्म्या लयीत बसवा, मग व्हिओला, शेवटी व्हायोलिन. सुरुवातीची खूण अग्रवादक (पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख) श्वासाने देतो: एक मात्रा आधी, त्याच लयीत, नाकाने ऐकू येईल असा श्वास. नुसती मान हलवली तर मागच्या रांगेला दिसत नाही.

हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेले वादक घेत असाल तर त्यांच्या तारा जी, डी, ए, ई अशा लावून दोन-तीन दिवस स्थिरावू द्या. सुरुवातीला त्या सारख्या उतरतात. आणि सामायिक ओळीत मींड नको. तिघांची मींड कधी एका जागी पोचत नाही.

पावसाळ्यात वाद्ये जपणे हे निम्मे काम. दमटपणात खुंट्या फुगून अडकतात, जोर लावला की तार तुटते किंवा खुंटी पिळवटते. आधी किंचित मागे फिरवून सैल करा, मगच चढवा. उलट वातानुकूलित सभागृहात खुंटी सुकून सुटते. तिथे खडूचा हलका हात पुरतो. गजाचे केसही लांबतात आणि स्क्रू शेवटपर्यंत पिळूनही ताण येत नाही, म्हणून केस बदलून घेताना किंचित आखूड ठेवायला सांगा. वाद्याची कड उकलली तर घाबरू नका: जोड धरणारा सरस दमटपणात सुटतो म्हणूनच लाकूड तडकत नाही. बाजारातला पांढरा गोंद मात्र लावू नका, पुढे ती कड उघडताना लाकूडच निघते.

कार्यक्रम चिऱ्याच्या भिंतींच्या जुन्या चॅपलमध्ये असेल तर मध्यभागी एक टाळी वाजवा. नाद दोन सेकंदांहून जास्त राहिला तर लय थोडी उतरवा, गज आखूडच ओढा आणि प्रत्येक स्वरानंतर तारेवरून उचला. माणसे बसली की नाद आटतो, म्हणून रिकाम्या जागेतली लय पक्की धरू नका. एसी असेल तर तासभर आधी सुरू करा. वाद्ये पेटीतच अर्धा तास राहू द्या, मग स्वर लावा: आधी हार्पसिकॉर्डचा 'ए', त्यावर बेस-चेलो, मग वरची.