अनामत भरण्याआधी आरोग्यमित्र गाठा

महाराष्ट्रात पेशंट ॲडमिट करताना कॅश काउंटरच्या आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष शोधा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण कॅशलेस. पैसे भरून मागाहून बिल लावले, तर ते परत मिळतील या भरवशावर राहू नका.

"दवाखाना योजनेत आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. एखादं रुग्णालय हृदयासाठी योजनेत असतं, हाडांसाठी नसतं. आपला आजार आणि ठरलेलं ऑपरेशन यादीत बसतं का, ते आरोग्यमित्राकडून तपासून घ्या. नुसत्या ओपीडीचा खर्च योजनेत येत नाही. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर काम अडतं, त्यामुळे नियोजित ऑपरेशन असेल तर ती दुरुस्ती आधीच करा आणि पूर्वमंजुरी येऊ द्या. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेता येते. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण सगळं धरलेलं असतं. तरीही "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी हातात पडली तर ती जपून ठेवा आणि १५५३८८ वर तक्रार करा.

घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांसाठी आयुष्मान भारत योजनेतल्या मोफत उपचारांचं कार्ड) काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

योजना बसली नाही तर रुग्णालय धर्मादाय (ट्रस्टचं) आहे का बघा. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत (३ लाख ६० हजारांपर्यंत) राखीव असतात. तहसीलदाराचा दाखला घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, वॉर्डातल्या डॉक्टरांच्या हातात हे नसतं. सवलत म्हणजे सगळं फुकट नव्हे. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं आणि इम्प्लांटच्या खरेदी किमतीचा निम्मा तरी वाटा उचलावा लागतो. तातडीच्या रुग्णाला मात्र अनामतीसाठी अडवता येत नाही.

उपचारांसाठी पैशाची मदत देणाऱ्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज पेशंट ॲडमिट असतानाच करा. रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक सोबत लागतं, आणि मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते.

प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं मात्र त्यात धरू नका. ती दुसऱ्या खात्याकडे आहेत.