प्रबंधाचा शेवटचा टप्पा: सबमिशन लांबवणाऱ्या या चुका टाळा

प्रकरणं लिहून झालेली असतात, गाइड म्हणत असतात ‘आता देऊन टाका’, आणि तरी वर्ष उलटून जातं. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असं कुणी ना कुणी भेटतंच. कुणी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) दोन कॉलेजांत तास घेतंय, कुणाच्या मागे पेपर तपासणी आणि निवडणुकीची ड्यूटी, आणि घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतोय, ‘पीएचडी झाली का?’ या माणसांची मेहनत कमी पडलेली नसते. गोळा करणं कधी थांबवायचं हे त्यांनी ठरवलेलं नसतं, आणि ‘ते शेवटी बघू’ म्हणून बाजूला ठेवलेली कामं एकदम अंगावर येतात. बहुतेक प्रबंध इथेच अडतात.

‘आणखी थोडी माहिती घेऊ’

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. कासच्या वनस्पतींवर काम करणाऱ्याला वाटतं, सप्टेंबरचा आणखी एक बहर नोंदवून घ्यावा. १९४२ नंतरच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारवर लिहिणाऱ्याला कुंडलकडच्या कुणा घरी जुनी कागदपत्रं असल्याचं कळतं. बेदाण्याच्या अर्थकारणावर काम करणाऱ्याला यंदाचे तासगावचे भाव घालायचे असतात. प्रत्येक इच्छा रास्त आहे, म्हणूनच ती मोडवत नाही. पण नवा हंगाम घेतला की तक्ते बदलतात, तक्ते बदलले की विश्लेषण बदलतं, आणि निष्कर्ष पुन्हा लिहायला बसावं लागतं.

यावर एक कसोटी लावा. निष्कर्षाच्या प्रकरणातलं एकेक विधान घ्या आणि त्याचा आधार कोणत्या पानावर, कोणत्या तक्त्यात आहे ते समासात लिहा. ज्या विधानाला पान सापडत नाही, तिथेच खरी उणीव आहे. तेवढ्यापुरती माहिती आणा, किंवा विधान काढून टाका. बाकी सगळं ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ या भागात जातं, आणि तो भाग त्यासाठीच असतो. माहिती गोळा करणं बंद करण्याची तारीख गाइडना लेखी कळवा. सांगितलेली तारीख माणूस पाळतो.

आकडे एकमेकांशी बोलत नाहीत

परीक्षक प्रबंध पहिल्या पानापासून ओळीने वाचतातच असं नाही. पुष्कळदा सारांश, तक्ते आणि निष्कर्ष आधी पाहिले जातात, आणि तिथेच विसंगती दिसते.

समजा प्रकरण तीनमध्ये ३८४ बेदाणा उत्पादकांचा नमुना आहे. (हा आकडा कॉमर्स आणि समाजशास्त्राच्या प्रबंधांत सारखा भेटतो. मोठ्या समष्टीसाठी ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली की तो येतो.) चौथ्या प्रकरणात वयोगटाच्या तक्त्याची बेरीज ३८४ भरते, शिक्षणाच्या तक्त्याची ३७९. टक्केवारी दोन्हीकडे १००. सारांशात ‘सुमारे ४०० शेतकरी’. पाच जणांनी शिक्षणाचा प्रश्न कोरा सोडला होता, एवढंच घडलेलं असतं आणि त्यात वावगं काही नाही. पण तक्त्याखाली ‘५ जणांनी उत्तर दिले नाही’ ही ओळ नसली की परीक्षकाचा सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो, आणि मौखिकीतला निम्मा वेळ त्यावरच जातो.

म्हणून सगळे तक्ते वेगळे छापून घ्या. प्रत्येकाची बेरीज हाताने करा, मजकुरात तो आकडा जिथे जिथे आला आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. शेजारी एक कागद ठेवा: उद्दिष्ट, त्याचं गृहीतक, कोणत्या तक्त्याने तपासलं, निष्कर्ष कोणत्या पानावर. एखाद्या उद्दिष्टापुढचा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट परीक्षकाआधी तुम्हाला कळलेली बरी.

जुन्या फाँटमधला मजकूर

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची ही खास अडचण. टायपिंग डीटीपीवाल्याकडे दिलेलं असतं आणि ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतं. पडद्यावर आपल्याला ‘शेतकरी’ दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. समानता, म्हणजे इतरांच्या लिखाणाशी असलेलं साम्य, तपासणारं सॉफ्टवेअर तीच वाचतं, त्यामुळे अहवाल निरर्थक येतो किंवा फाइल परत येते.

तपासायला मिनिटभर लागतं. एक परिच्छेद निवडा आणि फाँट बदलून ‘मंगल’ हा युनिकोड फाँट द्या. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांची रांग दिसली तर सगळा मजकूर रूपांतरित करावा लागेल. रूपांतरानंतर ‘झालं’ म्हणून फाइल मिटू नका. रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्यांना’ अशा शब्दांतला अर्धा र तुटतो, ऋ आणि श्र बिघडतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही येतं. असे शब्द ‘फाइंड’मध्ये टाकून एकेक पाहा. मग एक प्रकरण कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही छापील प्रतीवर बोट ठेवा. डोळ्यांतून सुटलेली चूक कानाला लागते.

वर्डमधली अनुक्रमणिका हाताने टाइप करू नका. प्रकरणांना आणि उपशीर्षकांना हेडिंग स्टाइल दिली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पानं सरकली तरी एका क्लिकवर दुरुस्त होते. संदर्भसूची अकारविल्हे लावतानाही संगणकावर भरवसा टाकू नका; जोडाक्षरं आणि अनुस्वारांची नावं एकदा स्वतः पाहा. तळटीपेतला प्रत्येक ग्रंथ सूचीत आहे का, हे जुळवायला एक सुट्टीचा दिवस राखून ठेवा.

समानता अहवाल शेवटच्या आठवड्यात

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्‌मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा द्यायला सांगतात, ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर बंदी, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचे असतात. अहवाल हातात आल्यावर नुसती टक्केवारी पाहू नका, कोणत्या ओळी रंगवल्यात ते पाहा. तुमच्याच छापून आलेल्या लेखामुळे साम्य दिसत असेल तर तो लेख मजकुरात आणि सूचीत स्पष्ट नोंदवा आणि गाइडना आधीच सांगा.

समानार्थी शब्द घालून टक्के उतरवणं हा उपाय नव्हे. तसंच इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत उतरवून नाव न देणंही. यंत्राच्या नजरेतून ते सुटेल, पण ते वाङ्‌मयचौर्यच आहे, आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंध चढला की कुणीही वाचू शकतो.

गाइडकडे सगळं एकदम

‘पूर्ण झालं की दाखवीन’ म्हणून तीनशे पानांचा गठ्ठा नेऊन ठेवला की तो महिनोन्‌महिने टेबलावर राहतो. एक प्रकरण, एक प्रश्न, एवढंच पाठवा: ‘सर, प्रकरण चार पाठवलंय. तक्ता ४.७ चा अर्थ मी असा लावलाय. तो पटतो का, एवढं सांगाल का?’ अशा निरोपाला उत्तर लवकर येतं. सल्लागार समिती एक म्हणते आणि गाइड दुसरं म्हणतात असं झालं तर दोन्ही सूचना लिहून गाइडपुढे ठेवा आणि निर्णय त्यांच्याकडूनच घ्या.

मुदत आणि कागद

२०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रवेशापासून कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. शिवाय महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. तुमची नोंदणी आधीची असेल तर कोणते नियम लागू ते नोंदणीपत्र दाखवून विचारा. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती या नियमांतून गेली, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, परिपत्रक पाहा.

साताऱ्याहून कोल्हापूरला विद्यापीठात जायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एका सहीसाठी दिवस मोडतो. लागणारे दाखले, फीची चलनं, ग्रंथालयाचं नो ड्यूज, प्रतींची संख्या यांची यादी तीन महिने आधी करा आणि निघण्यापूर्वी संबंधित टेबलावरची व्यक्ती हजर आहे का, ते फोन करून विचारा.

कागदांची एकच प्रत

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि नगर वाचनालयातली पुस्तकंसुद्धा पाण्यात गेली. भरलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींची रेकॉर्डिंग, रोजनिशा हा तुमचा मूळ पुरावा आहे. पावसाळ्याआधी सगळं स्कॅन करा; एक प्रत ऑनलाइन, दुसरी पेनड्राइव्हवर दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. फाइलला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं देण्याऐवजी तारीख द्या, म्हणजे दुरुस्त्या केलेली प्रत कोणती हे शोधत बसावं लागणार नाही.

बाइंडिंगची घाई

सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग करण्याआधी एक स्पायरल प्रत काढा आणि मुखपृष्ठ नोंदणीपत्राशेजारी ठेवा. शीर्षक अक्षरशः जुळलं पाहिजे. ‘मिरज तालुक्यातील’च्या जागी ‘सांगली जिल्ह्यातील’ झालं तर प्रबंध परत येतो. नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी जणींची या एका कारणाने धावपळ होते, म्हणून गॅझेटची किंवा विवाह नोंदणीची प्रत फाइलमध्ये आधीच लावून ठेवा.